भाड्याची खोली : न्यूयॉर्क, बडोदे आणि आपण

दरवर्षी मे-जून लागला की आमच्यातील जुन्या मंडळींचे फोन वाजू लागतात. कुणाची ऑस्टिनहून न्यू जर्सीला बदली झालेली असते, कुणाच्या मुलीला बॉस्टनला प्रवेश मिळालेला असतो, कुणी नागपूरहून थेट येणार असते. प्रश्न एकच असतो : घर कुठे घ्यावे? आम्ही सांगतो ते कुणीही सांगेल असेच. कचेरीपासूनचे अंतर, जवळचे स्टेशन, भाडे, शाळा, हिवाळ्यातील हीटिंगचा खर्च भाड्यात धरला आहे की वेगळा. हे सारे विचारून झाले की पलीकडे क्षणभर शांतता पसरते, आणि मग जरा खालच्या आवाजात विचारणा होते, "तिकडे आपली माणसं आहेत ना? खोली देणारा आडनाव विचारतो का?"

या खालच्या आवाजाला शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. तो दोन देशांत घडला, आणि त्याचा एक टोकाचा प्रसंग बाबासाहेबांच्याच आयुष्यातील आहे. आपल्या घराघरांत तो प्रसंग ठाऊक आहे. परंतु तो अमेरिकेतील त्यांच्या निवासाशेजारी ठेवून क्वचितच वाचला जातो. तसा तो वाचावा, एवढ्यासाठी हा लेख.

बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले ते १९१३ च्या जुलै महिन्यात. सयाजीराव महाराजांनी मंजूर केलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची होती आणि मुदत तीन वर्षांची. पहिला मुक्काम कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल या वसतिगृहात पडला, आणि तो जेमतेम आठवडाभर टिकला. तेथील अर्धेकच्चे जेवण आणि त्यातील गोमांस त्यांना रुचेना, असे चरित्रकार नोंदवतात. नंतर ते पश्चिम ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मोपॉलिटन क्लबात राहिले. तेथे काही हिंदी विद्यार्थी राहत असत. अखेरीस लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांचे बस्तान बसले. तेथे त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र सोबती म्हणून लाभला, आणि ही मैत्री जन्मभर टिकली. पहिल्याच मुक्कामात तीन पत्ते! न्यूयॉर्कमध्ये नव्याने आलेल्या आजच्या विद्यार्थ्याला यात काही नवल वाटणार नाही.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की या तीनपैकी एकही जागा त्यांना जातीमुळे सोडावी लागली नाही. जेवण आवडले नाही म्हणून जागा बदलणे हे साध्या माणसाचे साधे स्वातंत्र्य आहे. साताऱ्याच्या शाळेत स्वतःचे गोणपाट घरून नेऊन वेगळ्या कोपऱ्यात बसलेल्या मुलाला ते प्रथमच मिळाले होते. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले की, युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांच्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती.

म्हणून त्या काळचे न्यूयॉर्क समतेचे नगर होते, असे समजण्याचे मात्र कारण नाही. कोलंबिया विद्यापीठ मॉर्निंगसाइड हाइट्स या उंचवट्यावर आहे. पूर्वेला मॉर्निंगसाइड पार्कच्या पायऱ्या उतरल्या की हार्लेम लागते. बाबासाहेब वरच्या बाजूला शिकत असताना खालच्या बाजूला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची सर्वांत प्रसिद्ध वस्ती आकाराला येत होती, आणि ती एकेक भाडेकरार करीत येत होती. फिलिप पेटन नावाच्या कृष्णवर्णीय दलालाने १९०४ मध्ये आफ्रो-अमेरिकन रिअल्टी कंपनी काढली. ज्या इमारती रिकाम्या पडल्या होत्या, त्या घेऊन तो आपल्या लोकांना भाड्याने देऊ लागला. गोऱ्या मालकांनी आपसांत करार करून त्याला अडवण्याचा प्रयत्न केला. १९११ मध्ये सेंट फिलिप्स या कृष्णवर्णीयांच्या चर्चने १३५ व्या रस्त्यावरील दहा इमारतीच विकत घेतल्या आणि तो प्रश्न आपल्यापुरता सोडवला. आपल्या संस्थांनी हा व्यवहार मुद्दाम अभ्यासावा असा आहे. देणगीच्या पैशातून प्रार्थनास्थळ सगळेच बांधतात. त्या चर्चने भाडेकरूंसाठी छप्पर घेतले.

विद्यापीठाच्या आवारातही ही रेषा पोहोचली होती. बाबासाहेब तेथून गेल्यानंतर आठ वर्षांनी, १९२४ च्या वसंतात, फर्नाल्ड हॉल या वसतिगृहात फ्रेडरिक वेल्स हा कायद्याचा कृष्णवर्णीय विद्यार्थी राहत होता. त्याने तेथून निघून जावे म्हणून आवारात क्रूस पेटवण्यात आला. त्याने खोली सोडली नाही. ज्या आवारात महाराष्ट्रातील एका अस्पृश्य तरुणाला खोली मिळाली, त्याच आवारात टेनेसीच्या एका तरुणाच्या खोलीसाठी आग लावली गेली. आपण परक्या देशात येतो तेव्हा आपली शिडी मागे राहते, आणि त्या देशाची शिडी आपल्याला पहिल्या दिवशी दिसत नाही. आपण तिच्या कोणत्या पायरीवर उभे आहोत हेही उमगत नाही.

१९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला गेले आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये भारतात परतले. सप्टेंबरमध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी निघाले. कोलंबियाचा एम. ए., पीएच. डी. चा प्रबंध लिहिलेला, लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि कायद्याचे शिक्षण सुरू केलेले. आणि बडोद्याच्या स्टेशनवर उतरताना मनात एकच प्रश्न : राहायचे कुठे? गावातल्या हिंदू खाणावळी-विश्रामगृहांत जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. ती मिळवायची तर नाव बदलून जावे लागले असते, आणि अमेरिकेत शिकून आलेल्यांना ओळखणारे लोक गावात होते. शेवटी त्यांनी एका पारशी धर्मशाळेचा रस्ता धरला.

ही जागा कशी होती ते त्यांच्याच आठवणींतून कळते. जेवणासह भाडे दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर एक लहान खोली. बाहेरचे मोठे दालन अडगळीने भरलेले. विजेचे दिवे नाहीत. संध्याकाळी रखवालदार एक छोटा कंदील आणून ठेवी, आणि अंधारात वटवाघळे फिरत. रखवालदाराला गिऱ्हाइकाची गरज होती, यांना छपराची. तोडगा असा निघाला की नोंदवहीत पारशी नाव लिहायचे. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये पारशी मित्रासोबत स्वतःच्या नावाने राहिलेल्या माणसाला बडोद्यात पारशी नाव घ्यावे लागले.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीत जायला निघत असता हातांत काठ्या घेतलेले पारशी जिना चढून वर आले. धर्मशाळा विटाळल्याचा आरोप झाला. बाबासाहेबांनी सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता. त्याचा निकाल लागेपर्यंत आठवडाभराची मुदत त्यांनी मागितली. ती मिळाली नाही. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान निघाले. मग मित्रांकडे जाणे झाले. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राने पत्नीला विचारायला हवे म्हटले. हे दांपत्य मूळचे ब्राह्मण होते. दोन्ही उत्तरांत शिवी नाही, काठी नाही, नकार हा शब्दही नाही. भाड्याने घर शोधलेल्या आपल्यातील कुणालाही ती भाषा ओळखीची वाटेल. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. मधला वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. आज आपण त्या जागेला संकल्पभूमी म्हणून वंदन करतो. वंदन करताना एक व्यावहारिक तपशील विसरू नये : त्या दिवशी त्यांच्याजवळ पदवी होती, नोकरी होती, भाडे द्यायला पैसे होते, नव्हता तो फक्त भाडेकरू म्हणून पत्करणारा मालक.

या प्रसंगावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष कठोर होता : हिंदूला जो अस्पृश्य, तो पारशालाही अस्पृश्य. तरीही भथेनांशी असलेली मैत्री त्यांनी तोडली नाही. हे दोन्ही एकाच माणसाला जमले, याचे आम्हाला फार मोल वाटते.

आता योगायोग पाहा. बडोद्यातील प्रसंगानंतर दोनच महिन्यांच्या आत, ५ नोव्हेंबर १९१७ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्यूकॅनन विरुद्ध वॉर्ली या खटल्याचा निकाल दिला. बाल्टिमोर शहराने १९१० मध्ये गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या गल्ल्या वेगळ्या करणारा नियम केला होता. केंटकीतील लुईव्हिलने त्याच वाटेचा नियम केला. तो मोडून काढण्यासाठी विल्यम वॉर्ली या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने गोऱ्या मालकाकडून जमिनीचा तुकडा घेण्याचा करार मुद्दाम केला. न्यायालयाने नियम रद्द केला, पण कारण काय दिले? गोऱ्या मालकाचा आपली मालमत्ता विकण्याचा हक्क हिरावला जातो, हे. काळ्या माणसाचे राहणे न्यायालयाला दिसले नाही. गोऱ्या माणसाचे विकणे दिसले.

सरकारी दार बंद झाल्यावर खासगी दार उघडले. मालकांनी खरेदीखतातच अट घालायला सुरुवात केली की ही मिळकत अमुक वंशाच्या माणसाला विकू नये, भाड्यानेही देऊ नये. १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींना हरकत घेतली नाही. मग मंदीच्या काळात, १९३३ साली स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने शहरांचे नकाशे रंगवले : हिरवा, निळा, पिवळा आणि शेवटी लाल. कृष्णवर्णीय वस्ती बहुधा लाल रंगात जाई. १९३४ पासून फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन गृहकर्जांना हमी देऊ लागले, आणि वंशभेदाच्या अटी असलेली वस्ती त्याला अधिक भरवशाची वाटे. आपल्याकडे गावकुसाबाहेर जागा दाखवायला नकाशा लागला नाही, खरेदीखतही लागले नाही. येथे मात्र सगळे कागदावर झाले. म्हणूनच ते पुढे न्यायालयात खेचता आले.

सेंट लुईसच्या शेली कुटुंबाने ते खेचले. १९४५ मध्ये त्यांनी लबाडी अ‍ॅव्हेन्यूवर घर घेतले. त्या घरावर १९११ ची अट होती. ३ मे १९४८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा करार लोकांनी आपसांत पाळला तर पाळला, परंतु न्यायालये त्याची अंमलबजावणी करून देणार नाहीत. याच्या शेजारी आपल्या देशातील एक निकाल ठेवा. अहमदाबादेतील पारशांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेने सदस्यत्व पारशांपुरते ठेवणारा पोटनियम केला होता. एप्रिल २००५ मध्ये, म्हणजे आपण जयंती साजरी करतो त्याच महिन्यात, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पोटनियम वैध ठरवला. एका अल्पसंख्य समाजाला आपले पुंजके टिकवावेसे वाटतात, हे आम्ही समजू शकतो. आम्हालाही आमची माणसे शेजारी हवी असतात. पण या निकालाची सावली कोणकोणत्या सोसायट्यांवर पडते हे मुंबई-पुण्यात घर शोधलेल्यांनी पाहिले आहे. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच आढळले : फोन करणाऱ्याचे नाव बदलले की उत्तर बदलते.

भारतीय माणसाला येथे घर नाकारले गेले नाही असेही नाही. वैष्णो दास बगाई आणि कला बगाई हे दांपत्य तीन मुलांसह १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आले. पुढे त्यांनी बर्कलीमध्ये घर घेतले. सामानाची गाडी घेऊन पोहोचले तेव्हा शेजाऱ्यांनी घराला कुलपे घालून ठेवली होती. अशा शेजारात मुलांना वाढवायचे नाही, असे कलाबाईंनी ठरवले, आणि कुटुंब परत फिरले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय हे गोरे नाहीत असा निर्णय दिला. थिंड यांनी आपण उच्च जातीचे आर्य आहोत असा युक्तिवाद केला होता, हेही आपण विसरू नये. त्या निकालाने वैष्णो दास यांचे नागरिकत्व गेले. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. आता बर्कलीतील एका रस्त्याला कला बगाई यांचे नाव आहे.

१९६६ च्या जानेवारीत मार्टिन ल्यूथर किंग यांनी शिकागोच्या नॉर्थ लॉनडेलमध्ये, पडक्या म्हणाव्या अशा इमारतीत, घर भाड्याने घेतले. कोण राहायला येत आहे हे कळताच मालकाने घाईघाईने रंगरंगोटी करून घेतली. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मार्केट पार्कच्या मोर्चात त्यांना दगड लागला. ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांचा खून झाला आणि आठवड्याने, ११ एप्रिलला, फेअर हाउसिंग कायद्यावर सही झाली. आपण लीझिंग ऑफिसात जातो तेव्हा तेथील बाई आपल्याला वंश, धर्म, मूळ देश विचारत नाहीत, त्यामागे हा कायदा आहे. आपण १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने उघडलेल्या दाराने आलो, आणि १९६८ च्या कायद्याने उघडलेल्या घरात राहिलो. दोन्ही दारे कृष्णवर्णीयांच्या चळवळीने ढकलली होती. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले तेव्हा त्यांना हे नाते दिसत होते.

जर्सी सिटीच्या जुन्या रहिवाशांना १९८७ आठवत असेल. भारतीयांना शहरातून हाकलण्याची धमकी देणारे एक पत्र तेथील वृत्तपत्रात छापून आले. लिहिणारे स्वतःला डॉटबस्टर्स म्हणवत. घरे कशी शोधतो तेही त्यांनी सांगितले होते : टेलिफोनच्या यादीत पटेल हे आडनाव पाहून. त्याच सप्टेंबरात होबोकनमध्ये नवरोज मोदी या तरुणाला इतके मारले गेले की तो दगावला. मोदी पारशी होता. बडोद्यात पारशी नसल्याबद्दल काठ्या उगारल्या गेल्या होत्या. सत्तर वर्षांनी होबोकनमध्ये मारणाऱ्यांना असले भेद ठाऊकही नव्हते.

या साऱ्यानंतर आपल्या खोलीकडे येऊ. नवा माणूस येतो तेव्हा त्याच्याकडे क्रेडिट स्कोअर नसतो, कधी कधी सोशल सिक्युरिटी नंबरही नसतो. मोठ्या संकुलाचे ऑफिस भाड्याच्या कितीतरी पट पगार दाखवा म्हणते. मग तो देशी माणसाच्या घरातील खोली शोधतो, कारण तेथे कागद लागत नाहीत, विश्वास चालतो. आणि विश्वास म्हटला की चौकशी आली. गाव कोणते? पूर्ण नाव काय? मांसाहार करता का? कायद्याने मागच्या शंभर वर्षांत जे दार बंद केले, त्याला एक फट राहिली आहे ती इथे. घरमालक स्वतः राहत असलेल्या चारपर्यंत घरांच्या इमारतीला १९६८ च्या कायद्यातून बरीच सूट आहे. आणि जात हा शब्द त्या कायद्यात नाहीच.

आमच्यातील एका कुटुंबाला वीस वर्षांपूर्वी फोनवर खोली पक्की सांगितली गेली होती. अनामत द्यायला गेल्यावर चहा झाला, आडनाव झाले, आणि दुसऱ्या दिवशी कळवण्यात आले की गावाहून पाहुणे येणार आहेत. ते पाहुणे अजून यायचे आहेत. दुसऱ्या एका घरात बाबासाहेबांची तसबीर कित्येक वर्षे झोपण्याच्या खोलीत होती. बैठकीच्या खोलीत लावली तर शेजारच्या महाराष्ट्रीय कुटुंबाचे येणे-जाणे थांबेल अशी धास्ती होती. मुलांना "आडनाव विचारलं तर वडिलांच्या नावावर थांब" असे शिकवलेले पालकही आमच्यात आहेत. त्यांना आम्ही दोष देत नाही. बडोद्याच्या नोंदवहीतील पारशी नावाला कोण दोष देईल? पण ते नाव अकरा दिवसच पुरले.

सिअ‍ॅटलच्या नगरपरिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सहा विरुद्ध एक मतांनी जातिभेदाला मनाई केली, आणि त्या मनाईत नोकरीबरोबर घरही आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रेस्नोनेही तसे केले. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले विधेयक मात्र राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले. तेव्हा बदली कुठे होते आहे यावर आजही बरेच अवलंबून आहे.

एक गोष्ट आमच्या स्वतःच्या हिशेबातली. फोनवर दुसरा प्रश्न असतो शाळेचा. आम्हीही ग्रेटस्कूल्सचे आकडे पाहतो. दहापैकी नऊ दिसले की जीव भांड्यात पडतो. परंतु येथील शाळा बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करावर चालतात. जिथे घरांच्या किमती पिढ्यान्‌पिढ्या वाढू दिल्या गेल्या तिथे शाळांना पैसा मिळाला, आणि जिथे लाल रंग फासला गेला तिथे दोन्ही गेले. कित्येक शहरांत जुन्या नकाशावर आजचा नकाशा ठेवला तर रेषा सहज ओळखता येतात. आकडा पाहून घर घेणारा आपला माणूस कुणाचे वाईट चिंतीत नाही; तरी तो त्या रेषेच्या वरच्या बाजूला जाऊन बसतो आणि खालच्या वस्तीविषयी "तिकडे जाऊ नका, सेफ नाही" असे नव्या माणसाला सांगू लागतो. हे वाक्य आमच्याही तोंडून गेले आहे. गावात आपल्या वस्तीविषयी हेच बोलले जात असे.

मेरीलँडमध्ये ॲकोकीक येथे १४ ऑक्टोबर २०२३ रोजी बाबासाहेबांच्या एकोणीस फुटी पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा आपल्यातील अनेक कुटुंबे दूरदूरच्या राज्यांतून आली होती. ती जागा प्रिन्स जॉर्जेस काउंटीत आहे. देशातील सधन कृष्णवर्णीय मध्यमवर्गाची ही नावाजलेली काउंटी. त्या बाजूला घर पाहिले का, असे आम्ही आता वॉशिंग्टनकडे बदली होणाऱ्यांना आवर्जून विचारतो. काहीजण पाहतात. काहीजण आधी शाळेचा आकडा विचारतात, आणि आम्ही तो सांगतो.

या उन्हाळ्यात येणाऱ्यांसाठी थोडे कामाचे. न्यू जर्सीत अनामत रक्कम दीड महिन्याच्या भाड्याहून अधिक मागता येत नाही, न्यूयॉर्कमध्ये एका महिन्याच्या. रोख दिली तर पावती घ्यावी. मागच्या पंधरा वर्षांत ज्या घरमालकांकडे आपली मुले-मुली राहून गेली, त्यांची एक वही आमच्याकडे आहे. त्यात काही गुजराती आहेत, एक पोलिश विधवा आजी आहेत, न्यूअर्कचे एक निवृत्त कृष्णवर्णीय शिक्षक आहेत, आणि दोन-तीन आपलीच घरे आहेत. फोन करताना बजेट, स्टेशन आणि यायची तारीख सांगावी. आडनावाचे आम्ही आधीच विचारून ठेवले आहे.